उंबरठ्यावरचा उमराव : जूलियन फेलोज यांचे लेखन आणि जीवन

एप्रिल १९१२. यॉर्कशायरमधल्या एका मोठ्या हवेलीत अजून पुरते उजाडलेले नाही. धनीमंडळी झोपेत आहेत. तळघरातून एक पोरगेली मोलकरीण वर येते आणि खोल्याखोल्यांतून शेकोट्या पेटवत जाते. थोड्या वेळाने वर्तमानपत्र येते. त्यावर इस्त्री फिरवली जाते, म्हणजे शाई वाळते आणि मालकाच्या बोटांना काळे लागत नाही. त्या दिवशीच्या पेपरात ‘टायटॅनिक’ बुडाल्याची बातमी आहे. बुडालेल्यांमध्ये या घराचा वारसही आहे.

‘डाउन्टन ॲबी’ या ब्रिटिश मालिकेची ही सुरुवात. घरावर कोसळणारे संकट मालकांचे आहे, पण प्रेक्षक त्या घरात शिरतो तो नोकरांच्या पावलांनी. जूलियन फेलोज यांच्या लेखनाचा सगळा पिंड या काही मिनिटांत दिसतो. घर कोणाचे, हा त्यांचा कायमचा प्रश्न. ज्याच्या नावावर आहे त्याचे, जो ते चालवतो त्याचे, की ज्याच्या पैशावर ते उभे आहे त्याचे? हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य झालेला उमराव आहे. वयाच्या पन्नाशीपर्यंत मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नसलेला नट होता.

उमराव म्हणजे नेमके कोण?

फेलोज यांच्या कथा समजायच्या तर आधी इंग्लंडची ही उतरंड माहीत हवी. ब्रिटिश सरदारकीच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. हे किताब परंपरेने वंशाने चालत. त्याखाली येतो किताब नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जमीनजुमला, शिक्षण आणि ओळखीपाळखी सांभाळून असलेल्या घराण्यांचा थर. त्याला ‘जेंट्री’ म्हणतात. आपल्याकडच्या इनामदार-देशमुख घराण्यांची आठवण व्हावी, असा हा थर.

१९५८ साली ब्रिटनने कायदा करून तहहयात सरदारकी सुरू केली. हा किताब त्या माणसापुरता असतो, मुलाकडे जात नाही. पुढे १९९९च्या कायद्याने वंशपरंपरागत सरदारांपैकी बहुतेकांचे वरिष्ठ सभागृहातले आसन गेले.

फेलोज जन्माने जेंट्रीतले. सरदारकी त्यांना मिळाली ती जानेवारी २०११मध्ये, हुजूर पक्षाच्या बाजूने आणि तीही तहहयात स्वरूपाची. किताब ‘बॅरन फेलोज ऑफ वेस्ट स्टॅफर्ड’. वेस्ट स्टॅफर्ड हे डॉर्सेट परगण्यातले त्यांचे गाव. म्हणजे त्यांनी उमरावांचे जग लहानपणापासून जवळून पाहिले, पण त्या जगाच्या अगदी मधोमध ते कधी नव्हते. दिवाणखाना दिसतो आणि स्वयंपाकघरातले बोलणेही कानावर येते, अशी ती उंबरठ्यावरची जागा. लेखकासाठी याहून चांगली जागा नसते.

कैरोत जन्म, आत्याआजींच्या सहवासात बालपण

जूलियन अलेक्झांडर फेलोज यांचा जन्म १७ ऑगस्ट १९४९चा, इजिप्तची राजधानी कैरोमधला. वडील पेरेग्रिन फेलोज राजनैतिक सेवेत होते आणि अरबी भाषेचे जाणकार होते. इथिओपियाचे पदच्युत सम्राट हेले सेलासी यांना पुन्हा गादीवर बसवावे म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झटणाऱ्यांत तेही होते. चार भावांत जूलियन धाकटे. बालपण लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टन भागात आणि नंतर ईस्ट ससेक्समध्ये गेले.

शिक्षण यॉर्कशायरमधल्या ॲम्पलफर्थ या कॅथलिक निवासी शाळेत आणि मग केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात झाले. विषय इंग्रजी साहित्य. ज्या ‘फुटलाइट्स’ नाट्यमंडळीतून ब्रिटनचे कितीतरी विनोदी नट पुढे आले, तिच्यातही ते होते. त्यानंतर लंडनच्या वेबर डग्लस अकादमीत त्यांनी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले.

शाळा-कॉलेजाइतकाच उपयोगी ठरला तो घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा सहवास. वडिलांच्या बाजूच्या त्यांच्या आत्याआजी पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या जगात वाढलेल्या होत्या. त्यांतली आयझी नावाची आजी जिभेने धारदार आणि रीतीरिवाजांत काटेकोर. ‘डाउन्टन ॲबी’मध्ये मॅगी स्मिथ यांनी साकारलेल्या म्हाताऱ्या काउंटेस व्हायलेटच्या घडणीत या आजीचा मोठा वाटा असल्याचे फेलोज यांनी अनेकदा सांगितले आहे. जुन्या माणसांचे बोलणे कान देऊन ऐकले तर चाळीस-पन्नास वर्षांनी त्यातून काय उगवू शकते, याचे हे फार सुंदर उदाहरण आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या उच्चभ्रू घरांतल्या मुलींसाठी होणाऱ्या नृत्यसमारंभांचा ‘सीझन’ अजून चालू होता. राजदरबारात मुली सादर करण्याची प्रथा १९५८मध्येच बंद झाली होती, तरी मेजवान्या मात्र होत राहिल्या. तरुण फेलोज यांनी तो शेवटचा झगमगाट स्वतः पाहिला. त्यावरच पुढे त्यांनी २००८मध्ये ‘पास्ट इम्परफेक्ट’ ही कादंबरी लिहिली.

नटाची लांबलेली उमेदवारी

१९७०च्या दशकात रंगभूमीवर धडपडत असताना पोटापाण्यासाठी त्यांनी ‘रेबेका ग्रेव्हिल’ या टोपणनावाने प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. १९८१च्या सुमारास ते नशीब काढायला लॉस एंजेलिसला गेले. तिथे ‘फँटसी आयलंड’ या लोकप्रिय मालिकेतल्या बटलरच्या भूमिकेच्या अगदी जवळ पोहोचले, पण ती दुसऱ्याला मिळाली. ते इंग्लंडला परतले आणि पुन्हा छोट्या-मोठ्या भूमिका करू लागले.

१९९३च्या ‘शॅडोलँड्स’ चित्रपटात ते दिसतात. १९९७च्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’ या बाँडपटात ते संरक्षणमंत्री झाले. २०००पासून बीबीसीच्या ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’ या स्कॉटलंडमधल्या जहागीरदार घराण्याच्या मालिकेत त्यांनी लॉर्ड किलविली ही भूमिका केली आणि ब्रिटिश घराघरांत त्यांचा चेहरा ओळखीचा झाला.

या वीस-पंचवीस वर्षांनी लेखक फेलोज यांना एक गोष्ट पक्की शिकवली. दोन ओळींची भूमिका करणाऱ्या नटालाही त्या दोन ओळींत माणूस उभा करायचा असतो. पुढे त्यांच्या पटकथांत दार उघडणाऱ्या नोकरालाही स्वतःचे काहीतरी दुःख, हेवा किंवा स्वप्न असते, त्याचे मूळ मला या उमेदवारीत दिसते.

लेखणीकडे वळण

पडद्यासाठीच्या लेखनाची सुरुवात मुलांच्या मालिकांपासून झाली. १९९५मध्ये बीबीसीसाठी त्यांनी ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’चे रूपांतर केले आणि त्या मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी मार्क ट्वेनच्या ‘द प्रिन्स अँड द पॉपर’चे रूपांतर आले.

विषयांची निवड बोलकी आहे. पहिल्या कथेत न्यूयॉर्कमधला साधा मुलगा इंग्लिश अर्लचा वारस ठरतो. दुसरीत राजपुत्र आणि भिकारी यांची अदलाबदल होते. जन्माने मिळालेली जागा आणि माणसाची खरी लायकी यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न तेव्हापासूनच त्यांच्या मागे आहे.

‘गॉस्फर्ड पार्क’ : बावन्नाव्या वर्षी ऑस्कर

अमेरिकन नट आणि निर्माता बॉब बालाबन यांच्याशी फेलोज यांची आधीची ओळख होती. एका कादंबरीच्या रूपांतरावर दोघांचे काम चालले होते. तो चित्रपट झाला नाही. पण दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन आणि बालाबन यांना इंग्लिश हवेलीत घडणाऱ्या खुनाची गोष्ट करायची ठरली, तेव्हा बालाबन यांनी फेलोज यांचे नाव सुचवले. एकही चित्रपट नावावर नसलेल्या लेखकावर ऑल्टमनसारख्या दिग्दर्शकाने विश्वास टाकला.

गोष्ट नोव्हेंबर १९३२मधली. शिकारीच्या निमित्ताने हवेलीत पाहुणे जमतात, सोबत त्यांचे नोकर येतात आणि घरमालकाचा खून होतो. चित्रपटाची एक शिस्त होती. वरच्या मजल्यावर जे काही दिसते, ते जवळपास एखादा नोकर असतानाच दिसते. मालकांच्या गोष्टी आपल्याला कळतात त्या नोकरांच्या कानांनी.

चित्रीकरणाच्या वेळी फेलोज सेटवर हजर असत आणि रीतीभातींचा सल्ला देत. पूर्वी मोठ्या घरांत नोकरी केलेली माणसेही सल्लागार म्हणून बोलावली होती. त्यातून आलेला एक बारकावा विसरता येत नाही. पाहुण्यांसोबत आलेल्या नोकरांना तळघरात त्यांच्या स्वतःच्या नावाने हाक मारली जात नसे, मालकाच्या नावाने मारली जाई. जेवणाच्या टेबलावर त्यांची जागाही मालकाच्या मानाप्रमाणे ठरे. माणसाचे नाव इतक्या सहजपणे पुसले जाते, आणि तेही त्याच्याच बरोबरीच्या नोकरांकडून.

या चित्रपटाला ऑस्करची सात नामांकने मिळाली. मार्च २००२मध्ये मूळ पटकथेचा ऑस्कर फेलोज यांच्या हाती आला. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. त्यानंतर ‘व्हॅनिटी फेअर’ आणि ‘द यंग व्हिक्टोरिया’ हे चित्रपट, स्वतः दिग्दर्शित केलेला ‘सेपरेट लाइज’, ‘स्नॉब्स’ ही कादंबरी, ‘मेरी पॉपिन्स’ या संगीतिकेची संहिता अशी कामे एकामागून एक आली.

‘डाउन्टन ॲबी’चा जन्म

कार्निव्हल फिल्म्सचे निर्माते गॅरेथ नीम यांनी एकदा जेवताना त्यांना विचारले, ‘गॉस्फर्ड पार्क’च्या जगात मालिकेच्या रूपाने पुन्हा जायला आवडेल का? फेलोज आधी कचरले. एकदा जमलेली गोष्ट पुन्हा जमेल याची खात्री नव्हती. पण त्या सुमारास ते गेल मॅकॉल आणि कॅरल वॉलेस यांचे एक पुस्तक वाचत होते. विषय होता इंग्लिश उमरावांशी लग्न करून आलेल्या अमेरिकन धनिककन्यांचा. त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. लग्नाचा गाजावाजा संपल्यावर, वीस-पंचवीस वर्षांनी, थंडगार इंग्लिश हवेलीत त्या मुलीचे काय होत असेल? त्यातून कोरा, म्हणजे लेडी ग्रँथम, जन्माला आली आणि तिच्याभोवती मालिका उभी राहिली.

मालिका आयटीव्ही वाहिनीवर २६ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाली आणि २५ डिसेंबर २०१५ रोजी संपली. सहा पर्वे, ५२ भाग. जानेवारी २०११पासून ती अमेरिकेत पीबीएसवर दाखवली जाऊ लागली. तिने एकूण १५ प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळवले. २०११मध्ये लेखनाचा एमी फेलोज यांना मिळाला. पुढे याच कथेवर २०१९, २०२२ आणि २०२५मध्ये तीन चित्रपट आले.

फेलोज या मालिकेचे जनक, लेखक आणि कार्यकारी निर्माते होते. पहिल्या पर्वातल्या मोजक्या सहलेखनाचा अपवाद सोडला, तर पर्वामागून पर्व त्यांनी एकट्याने लिहिले. मोठ्या मालिकांमागे सहसा लेखकांचा ताफा असतो. इथे मात्र वीसेक प्रमुख पात्रांची भाषा एकाच कानाने सांभाळली.

हवेली आणि तिची खरी कहाणी

बाहेरचे आणि दिवाणखान्यातले चित्रण हॅम्पशायरमधल्या हायक्लिअर कॅसल येथे झाले. कार्नार्व्हन घराण्याची ही हवेली एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅरी यांनी आजच्या रूपात उभी केली. लंडनचे संसदभवनही त्यांचेच. फेलोज यांचा या घराण्याशी परिचय होता आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर हेच घर होते. गावातले प्रसंग ऑक्सफर्डशायरमधल्या बॅम्प्टन गावात चित्रित झाले. तळघरातले स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारल्या होत्या. त्यामुळे स्वयंपाकघरातून ताट घेऊन निघालेला नोकर ईलिंगमध्ये जिना चढे आणि काही दिवसांनी हायक्लिअरच्या भोजनगृहात पोहोचे!

हायक्लिअरचा खरा इतिहासही मालिकेच्या जवळ जाणारा आहे. पाचव्या अर्लने १८९५मध्ये अल्मिना वॉम्बवेल हिच्याशी लग्न केले आणि बँकर आल्फ्रेड डी रोथ्सचाइल्ड यांच्या पैशामुळे घर सावरले. पहिल्या महायुद्धात अल्मिनाने हवेलीत जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालवले. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात डाउन्टनही जखमींसाठी उघडले जाते. हाच अर्ल हॉवर्ड कार्टर यांच्या उत्खननाला पैसा पुरवत होता. १९२२मध्ये तुतानखामेनची कबर सापडली आणि पुढच्याच वर्षी अर्लचा कैरोत मृत्यू झाला. आणि आता याच हायक्लिअरच्या दुरुस्तीला मोठा हातभार लागला तो मालिकेमुळे वाढलेल्या पर्यटकांचा. घर वाचवायला प्रत्येक पिढीत बाहेरून पैसा यावा लागतो, हे मालिकेचे सूत्र हवेलीच्या बाबतीतही खरे ठरले.

पटकथेची बांधणी

विषय जुना, पण मांडणीचा वेग नवा, हे या मालिकेच्या यशाचे मोठे कारण आहे. जुन्या ब्रिटिश मालिकांत प्रसंग लांबलचक असत. फेलोज यांनी ‘ईआर’ आणि ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकन मालिकांचा वेग समोर ठेवला. छोटे प्रसंग, एकाच भागात अनेक धागे आणि चालता चालता होणारी बोलणी.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही मजल्यांना सारखे वजन. मालकांची थोरली मुलगी लेडी मेरी हिच्या लग्नाचा प्रश्न जितका गंभीर, तितकाच ग्वेन या मोलकरणीचा. तिने गुपचूप टाइपरायटर घेतला आहे आणि तिला सेक्रेटरी व्हायचे आहे. स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर हिचा भाचा युद्धात भित्रेपणाच्या आरोपावरून गोळी घालून मारला जातो आणि गावच्या स्मारकावर त्याचे नाव येऊ शकत नाही. या दुःखाला मालिका वेळ देते.

तिसरी गोष्ट म्हणजे इतिहास दारातून आत येऊ देणे. पहिले पर्व संपते ते ऑगस्ट १९१४मध्ये, बागेतल्या समारंभात युद्धाची घोषणा होते तेव्हा. त्यानंतर स्पॅनिश फ्लू येतो, आयर्लंडचा लढा जावयाच्या रूपाने घरात येतो, रेल्वेच्या शेअरमध्ये बुडालेली संपत्ती घराचा पाया हलवते. टेलिफोन आल्यावर बटलर कार्सन त्याच्याशी बोलायचा सराव करतो. त्या दृश्याला आपण हसतो, पण त्याची भीती खरी असते. त्याचे जग त्या तारेतून निसटत चाललेले असते.

बारकाव्यांची शिस्त

रीतीरिवाजांसाठी ॲलिस्टर ब्रूस हे इतिहास-सल्लागार सेटवर असत. कोणी कधी बसायचे, हात कुठे ठेवायचे, पाठ खुर्चीला टेकवायची की नाही, यावर त्यांची बारीक नजर असे. त्या काळी जेवणाआधी प्रार्थना होत असे आणि वाहिनीच्या मंडळींना मालिकेत धर्म फार आणायचा नव्हता. त्यावर तोड अशी निघाली की कुटुंब जेवायला बसताना दाखवायचेच नाही. पंगतीचे प्रसंग जेवण सुरू झाल्यावरच उघडतात.

हा काटेकोरपणा नटवेपणापुरता नव्हता. ताठ बसण्याची सवय लागलेल्या माणसाला मनातले बोलणेही कठीण जाते. म्हणून या मालिकेत एखाद्याने क्षणभर हात धरला तरी त्याचा परिणाम मोठा होतो.

वारसाहक्क : पडद्यावर आणि घरात

कथेचा कणा आहे तो वारसाहक्क. हवेलीचा मालक लॉर्ड ग्रँथम याला तीन मुली आहेत, मुलगा नाही. किताब आणि जमीन, आणि तिच्यात बांधला गेलेला पत्नीचा पैसा, हे सारे कायद्याच्या बंधनामुळे दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार. तो मँचेस्टरचा एक वकील, मॅथ्यू क्रॉली. ज्या आईच्या पैशाने घर तगले, तिच्या लेकीला त्या पैशातला हक्काचा वाटा नाही.

मराठी वाचकाला ही तगमग परकी नाही. सरळ पुरुष वारस नाही आणि दत्तक मंजूर नाही, या कारणावरून डलहौसीच्या काळात १८४८मध्ये साताऱ्याची गादी खालसा झाली, हा आपला इतिहास आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४मध्ये आणि देशभर २००५मध्ये झाली.

फेलोज यांच्या बाबतीत हा प्रश्न थेट घरात आला. १९९०मध्ये त्यांनी एमा किचनर यांच्याशी लग्न केले. एमा या फील्डमार्शल लॉर्ड किचनर यांच्या भावाच्या वंशातल्या. हे किचनर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले आणि ज्यांच्याशी झालेल्या वादातून लॉर्ड कर्झन यांनी १९०५मध्ये राजीनामा दिला तेच. किचनर अविवाहित होते. १९१६मध्ये त्यांचे जहाज बुडाले आणि अर्ल हा किताब भावाच्या शाखेकडे गेला. त्या शाखेतले तिसरे अर्ल, म्हणजे एमा यांचे काका, डिसेंबर २०११मध्ये निवर्तले. घराण्यात एमा होत्या, पण त्या स्त्री असल्यामुळे किताब कायमचा संपला. फेलोज यांनी १९९८पासून आपल्या आडनावात ‘किचनर’ जोडले होते. किताब स्त्रीपाशी येऊन थांबावा, हा अन्याय असल्याचे ते जाहीरपणे बोलत राहिले. २०१२मध्ये राणीने एमा यांना अर्लच्या मुलीचा मान बहाल केला, पण तो मानापुरताच राहिला.

२०१३च्या कायद्याने ब्रिटनच्या राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद काढून टाकला. सरदारकीच्या किताबांसाठी तसाच बदल सुचवणारे विधेयक आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘डाउन्टन’चे नाव दिले. ते विधेयक कायदा झाले नाही. म्हणजे राजकन्येला जे मिळाले, ते अर्लच्या मुलीला अजून मिळालेले नाही. पडद्यावरच्या तीन बहिणींची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाने ती घरातही सोसली आहे, हे कळल्यावर मालिकेतला तो ठणका अधिक खरा वाटू लागतो.

अटलांटिकच्या पलीकडे : ‘द गिल्डेड एज’

‘डाउन्टन’नंतर फेलोज त्या अमेरिकन मुलींच्या माहेरी गेले. १८८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कवरची ही मालिका आधी एनबीसीसाठी जाहीर झाली होती. ती प्रत्यक्षात आली जानेवारी २०२२मध्ये, एचबीओवर. जुने पैसेवाले आणि रेल्वेत नव्याने श्रीमंत झालेले रसेल कुटुंब यांच्यातली ही चढाओढ. नाटकगृहातला बॉक्स मिळत नाही म्हणून नवश्रीमंत आपले स्वतःचे ऑपेरा-हाउस उभारतात. हा प्रसंग इतिहासातला आहे, १८८३मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन ऑपेरा असेच उभे राहिले. बर्था रसेल या पात्रामागे अल्वा व्हँडरबिल्ट हिची छाया आहे. अल्वाने मुलीचे, कॉन्सुएलोचे, लग्न १८९५मध्ये इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लावून दिले होते.

या मालिकेत फेलोज यांनी एकट्याने लिहिण्याची रीत बदलली. सोन्या वॉरफील्ड सहलेखिका झाल्या आणि इतिहासकार एरिका आर्मस्ट्राँग डनबार सल्लागार. पेगी स्कॉट या कृष्णवर्णीय तरुण लेखिकेच्या निमित्ताने त्या काळचे सुखवस्तू कृष्णवर्णीय समाजजीवन पडद्यावर आले. पडद्यावर ते फार क्वचित दिसले आहे. स्वतःला न दिसणारा कोपरा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची ही तयारी सत्तरी ओलांडलेल्या लेखकाने दाखवली, याचे मला मोल वाटते.

इतर मालिका थोडक्यात

‘टायटॅनिक’ (२०१२) ही चार भागांची मालिका त्या दुर्घटनेच्या शताब्दीला आली. ‘डॉक्टर थॉर्न’ (२०१६) हे अँथनी ट्रॉलप यांच्या कादंबरीचे रूपांतर. ‘द इंग्लिश गेम’ (२०२०) १८७०च्या दशकातले फुटबॉल दाखवते. श्रीमंत शाळांतल्या मुलांचा हा खेळ गिरणी कामगारांच्या हाती कसा गेला, हा तिचा विषय. ‘बेलग्रेव्हिया’ ही आधी कादंबरी आणि मग २०२०मध्ये मालिका. तिची सुरुवात होते १५ जून १८१५च्या ब्रसेल्समधल्या मेजवानीने, वॉटर्लूच्या लढाईच्या तोंडावर. त्या मेजवानीतले मुख्य पाहुणे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातले आर्थर वेलस्ली. १८०३मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेले तेच हे सेनापती.

आक्षेप आणि त्यांचे वजन

फेलोज यांच्यावर मुख्य आक्षेप असा की ते सरंजामी काळाला गोड करून दाखवतात. सायमन शामा यांच्यासारख्या इतिहासकाराने ‘डाउन्टन’वर कडक टीका केली. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. लॉर्ड ग्रँथमसारखा दृष्टी जात असलेल्या स्वयंपाकिणीचे उपचार करवणारा मालक तेव्हा किती ठिकाणी होता? पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या मुलींचे सोललेले हात मालिकेत क्वचितच दिसतात. या हवेल्यांच्या ऐश्वर्यामागचा वसाहतींचा पैसाही दूरच राहतो. ज्यांच्या पूर्वजांनी त्या साम्राज्याचा भार वाहिला, त्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना ही उणीव जाणवते आणि जाणवायला हवी.

पण त्याच लेखकाच्या ‘गॉस्फर्ड पार्क’मध्ये कारखानदार मालकाने आपल्याकडच्या कामगार मुलींचे काय केले आणि त्यांची बाळे कुठे पाठवली, हे खुनाच्या मुळाशी आहे. तिथे हवेलीचा पाया किती सडका आहे, हे फेलोज कोणताही मुलामा न देता सांगतात. दोन्ही कलाकृती एकत्र पाहिल्या तर त्यांचा स्वभाव कळतो. त्यांना व्यवस्था उलथवायची नसते. त्या व्यवस्थेत अडकलेल्या प्रत्येकाला, वरच्याला आणि खालच्याला, माणूस म्हणून ऐकून घ्यायचे असते. ही मर्यादा आहे आणि तीच त्यांची ताकदही आहे.

शेवटची रात्र

‘डाउन्टन ॲबी’ मालिकेचा शेवट होतो ३१ डिसेंबर १९२५च्या रात्री. बारा वाजतात आणि सारे घर नव्या वर्षाचे स्वागत करते. इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात ही तारीख मोलाची आहे. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९२६ रोजी, १९२५चे जमीन आणि वारसाविषयक नवे कायदे लागू झाले. मृत्युपत्र नसेल तर जमीन आपोआप थोरल्या मुलाकडे जाण्याचा शतकांचा नियम त्या दिवशी मोडीत निघाला. ज्या प्रश्नाने मालिका सुरू झाली, त्याचा पाया त्या पहाटेपासून ढासळू लागला. किताब मात्र जुन्याच वाटेने चालत राहिले, एमा किचनर यांच्या दारापर्यंत.

तोवर त्या तळघरातही बरेच काही बदललेले असते. पंगतीला वाढणारा मोल्सली गावच्या शाळेत मास्तर झालेला आहे. आणि पहिल्या पहाटे सर्वांच्या आधी उठून शेकोट्या पेटवणारी डेझी पुस्तके घेऊन बसली आहे, परीक्षा देऊन पास झाली आहे. हवेली कोणाच्या नावावर होणार, याची काळजी वरची मंडळी बावन्न भाग करत राहिली. तेवढ्या वेळात खाली एक मुलगी अभ्यास करत होती. फेलोज यांनी तिचा तो अभ्यास पाहिला आणि आपल्यालाही दाखवला, म्हणून मला त्यांचे लेखन जवळचे वाटते.